पाणी, कर्ज आणि मजुरीचे दप्तर

इतिहासाच्या साधनांचे मोल धुळे जिल्ह्याला कोणी नव्याने समजावून सांगावे अशी स्थिती नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची अखेर धुळे शहरातच झाली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले आणि गावोगाव हिंडून, वाड्यांचे माळे आणि अडगळीच्या खोल्या धुंडाळून त्यांनी मिळवलेल्या कागदांचा सांभाळ व्हावा म्हणून त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथेच उभे राहिले. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवून शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातलेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते जागच्या जागी उतरवून घेत होते, म्हणूनच ती प्रवचने आज आपल्याला वाचायला मिळतात. एवढी परंपरा ज्या गावाला आहे, त्या गावाच्या आसपासच्या शेतीचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास मात्र आज कोणत्याही कपाटात एकत्र सापडत नाही. पांझरा नदीच्या पाटाचे पाणी कोणत्या साली कोणाला किती मिळाले, कोणत्या गावच्या सहकारी पतपुरवठा सोसायटीत कोणाचे कर्ज का थकले, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरणारी सालदारकी, म्हणजे वर्षभराच्या शेतगड्याची मजुरी, कोणत्या दशकात किती पोत्यांची आणि किती रुपयांची होती, हे विचारायला गेलेल्या माणसाला एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत पाठवले जाते आणि अखेरीस कोणीतरी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे नाव सांगते. तो म्हातारा हयात असला तर नशीब.

शेतकरी जिल्ह्याचा लोकसंग्रह, म्हणजे लोकांच्या कागदपत्रांचा आणि आठवणींचा संग्रह, उभारायचा तर तो पाणी, कर्ज आणि मजुरी या तीन व्यवहारांच्या कागदांभोवती उभारला पाहिजे. तो जिल्ह्यातच राहिला पाहिजे. आणि कागद देणाऱ्याचे हित जपणारे नियम पहिला कागद स्वीकारण्यापूर्वी ठरले पाहिजेत, असे माझे म्हणणे आहे. जुने नांगर, मोटेची चाके, जाती आणि पितळेची भांडी एका दालनात मांडून त्याला ग्रामीण वारसा म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तिला माझा विरोध नाही. पण मोटेचे चाक पाहून त्या विहिरीवर किती भाऊबंदांचा हिस्सा होता आणि पाण्याची पाळी चुकली की काय होत असे, ते कळत नाही. ते कागदातून कळते, किंवा माणसांच्या तोंडून.

साक्री तालुक्यातली फड पद्धत पाहा. पांझरा नदीवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर काही शतकांपूर्वीपासून दगडी बंधाऱ्यांची मालिका आहे. प्रत्येक बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या फुटतात आणि भिजणारी जमीन बहुधा चार फडांत वाटलेली असते. एका फडात त्या वर्षी एकच प्रकारचे पीक घ्यायचे. ऊस कोणत्या फडात, रब्बी कोणत्या फडात आणि पडीक कोणता ठेवायचा हे सर्वांनी बसून ठरवायचे आणि पुढच्या वर्षी फेरपालट करायची. पाटकऱ्याने शेतोशेत पाणी फिरवायचे, जागल्याने उभे पीक राखायचे आणि हवालदाराने या दोघांवर नजर ठेवायची. शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात रात्री-अपरात्री बारे धरावे लागत नाही, कारण भिजवण्याचे काम पाटकऱ्याचे. पाणी कमी पडेल असे दिसले, तर एखाद्या माणसाचे पाणी तोडण्याऐवजी अख्खा फडच त्या वर्षी कोरडा ठेवायचा. बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असल्यामुळे तूट सर्वांच्या वाट्याला सारखी येते. या व्यवस्थेवर पाटबंधाऱ्याच्या अभ्यासकांनी बरेच लिहिले आहे आणि १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्येही बंधाऱ्यांची नोंद आहे. व्यवस्थेचा आराखडा त्यामुळे आपल्याला ठाऊक आहे.

ठाऊक नाही तो तिचा रोजचा कारभार. पुरात पाट फुटला तेव्हा दुरुस्तीला कोणी किती माणसे दिली, चोरून पाणी घेणाऱ्याला काय दंड झाला आणि तो वसूल झाला का, वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर इंजिने आणि मग विजेचे पंप बसले, तेव्हा फडातून पहिला माणूस कोण बाहेर पडला आणि इतरांनी त्याला अडवले की त्याच्या मागोमाग गेले, हे सारे तपशील पंचांच्या वह्यांत किंवा नुसत्याच आठवणीत आहेत. त्यांची किंमत केवळ हौशी अभ्यासकांपुरती नाही. राज्याने २००५ साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला आणि पाणीवापर संस्थांची बांधणी सुरू झाली. कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, पट्टी वसूल होत नाही, वरचा शेतकरी खालच्याचे ऐकत नाही, या त्या संस्थांपुढच्या अडचणी फडाच्या पंचांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळलेल्या होत्या. त्यांनी त्या कशा सोडवल्या आणि कुठे हात टेकले, याची नोंद तालुक्याच्या ठिकाणी वाचायला मिळाली असती, तर नव्या संस्थांच्या प्रशिक्षणाला बाहेरून आणलेल्या तक्त्यांची गरज कमी पडली असती.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. फडाविषयी बोलताना समतेचा आदर्श म्हणून त्याचे गोडवे गाण्याचा मोह होतो. समता होती ती फडात जमीन असलेल्यांपुरती. ज्याची जमीन फडात नव्हती, ज्याला जमीनच नव्हती, जो रात्रभर दुसऱ्याचे पीक राखून त्याबद्दल धान्याचा हिस्सा घेत होता, त्याच्या दृष्टीने ही व्यवस्था कशी होती, हे आजवर फारसे कोणी विचारलेले नाही. पंचांच्या बैठकीत बाईचे नाव येणे तर दूरच. संग्रहात पंचाची वही ठेवायची आणि जागल्याची आठवण ठेवायची नाही, असे झाले तर तो इतिहास एकाच बांधावर उभे राहून पाहिलेला असेल.

जुने कागद टिकले तर त्यांतून काय निघू शकते, याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास केला आणि तो १९१७ साली प्रसिद्ध झाला. १७७१ साली त्या गावात सरासरी धारणक्षेत्र (एका खातेदाराकडची जमीन) ४० एकर होते आणि १९१४-१५ च्या सुमारास ते ७ एकरांवर आले होते, हे मान दाखवू शकले, याचे कारण मराठेशाहीतले त्या गावचे कागद पुण्याच्या दप्तरात शिल्लक होते. शेतीचे तुकडे पडत गेल्याची तक्रार प्रत्येक पिढी करते. ती तक्रार आकड्यांनिशी मांडता आली ती या एका गावापुरती, कागदांच्या बळावर. आज पिंपळे सौदागरला शेत शोधावे लागेल, सगळीकडे इमारती आहेत, आणि त्या गावाच्या शेतीविषयी खात्रीने जे बोलता येते त्यातले पुष्कळसे त्या अभ्यासातून येते. साक्री, शिंदखेडा किंवा शिरपूर तालुक्यातल्या एखाद्या गावाचा असा अभ्यास १९५० ते २००० या काळासाठी करायचा म्हटला, तर त्याला लागणारे कागद १७७१ च्या कागदांपेक्षा अधिक दुर्मीळ ठरण्याची शक्यता आहे. हे विचित्र वाटते, पण पेशव्यांच्या दप्तराला रखवालदार होता आणि गावच्या सोसायटीच्या दप्तराला नाही.

सोसायटीची खतावणी एकदा उघडून पाहण्यासारखी असते. लांबट आकाराची, कापडी पाठीची जाड वही; प्रत्येक सभासदाला एक पान; एका बाजूला नावे, म्हणजे दिलेली रक्कम, दुसऱ्या बाजूला जमा. इंजिनासाठी घेतलेले कर्ज, पुढच्याच वर्षी पाइपलाइनसाठी घेतलेले, मग एका दुष्काळी वर्षी फक्त व्याजाची आकारणी आणि जमेची बाजू कोरी, त्यानंतर कर्जाची मुदत वाढवून दिल्याचा शेरा, आणि पानाच्या शेवटी वारसाच्या नावाने उघडलेले नवे खाते. सहीच्या जागी अंगठा असतो आणि दोन पिढ्यांनंतर त्याच घराण्याच्या पानावर वळणदार सही येते. १९७२ चा दुष्काळ गावाने कसा काढला, हरितक्रांतीचे बियाणे आणि खत कोणाच्या दारी आधी पोचले, कर्जमाफी जाहीर झाली तेव्हा ती कोणाला मिळाली आणि कोण निकषात बसला नाही, या प्रश्नांची उत्तरे या पानांवर आहेत, आणि ती कोणत्याही भाषणापेक्षा सरळ आहेत. १९७२ पासून राज्यात राबवलेल्या कापूस एकाधिकार खरेदीच्या पावत्यांचेही तसेच. कोणता ग्रेड लागला, किती वजन भरले, पैसे किती महिन्यांनी हाती आले, हे त्या चिठ्ठ्यांवर आहे; खानदेशातल्या कापूस उत्पादकाची अर्थव्यवस्था अशा चिठ्ठ्यांचीच बनलेली होती.

या दप्तराचे पुढे काय होते? संस्था डबघाईला येते, अवसायनात निघते, म्हणजे गुंडाळली जाते, ती गुंडाळायला नेमलेला अवसायक दप्तर ताब्यात घेतो, आणि नोंदणी रद्द झाल्यानंतर ठराविक मुदत संपली की ते नष्ट करण्याची मोकळीक असते. चालू संस्थांतही जागेची अडचण झाली की लेखापरीक्षण आटोपलेल्या वह्या आधी माळ्यावर जातात आणि मग रद्दीत. सरकारी दप्तरासाठी सार्वजनिक अभिलेखांचा कायदा आहे, पुराभिलेख संचालनालय आहे. गावच्या सोसायटीचे, फडाच्या पंचांचे, आडत्याचे किंवा शेतमजुरांच्या संघटनेचे दप्तर त्या छत्राखाली येत नाही. आणि सरकारी कागद तरी कोणत्या बाजूने बोलतात? १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागात जमीन मोजणीविरुद्ध शेतकरी उठले, तेव्हाची जी हकीकत आपण वाचतो ती बहुतांशी अधिकाऱ्यांच्या पत्रांतून आलेली आहे. मोजणीच्या साखळीला हात लावू न देणाऱ्या माणसांना नेमकी कशाची धास्ती होती, हे त्यांच्या शब्दांत कोणी लिहून ठेवले नाही. सातबाऱ्यावरून मालक कळतो, पीक कळते. मजुरी कळत नाही.

मजुरीचा विषय निघाला की जिल्ह्याच्या सीमेचाही विचार करावा लागतो. १९७२ च्या सुमारास शहाद्याला भिल्ल आणि इतर आदिवासी शेतमजुरांची जी चळवळ उभी राहिली, अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी सालदारांची मजुरी व हिरावलेल्या जमिनी हे प्रश्न ज्या रीतीने पुढे आणले, ती घटना घडली तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. मग त्या चळवळीची पत्रके, सभांचे वृत्तान्त, खटल्यांचे कागद कोणत्या जिल्ह्याचे? माझ्या मते दोन्ही जिल्ह्यांनी प्रतींची देवाणघेवाण करून हा प्रश्न मिटवावा आणि संग्रहाची मांडणी तालुक्यांऐवजी नद्यांनुसार करावी, म्हणजे पांझरेचे कागद एकत्र, गोमाईचे एकत्र. जिल्ह्याच्या रेषा सरकार बदलते. ही सूचना अव्यवहार्य वाटली तर सोडून द्यावी, परंतु सालदाराच्या बाजूचा कागद संग्रहात असलाच पाहिजे, यावर तडजोड नको. मालकाकडे वही असते, सालदाराकडे नसते. म्हणून त्याची बाजू ध्वनिमुद्रित करावी लागेल, आणि तीही अहिराणीत, भिलोरीत, पावरीत, जशी बोलली तशी. मुलाखत घेणाऱ्याने ती मनातल्या मनात प्रमाण मराठीत वळवून टिपून घेतली, तर तिच्यातला अर्धा ऐवज तेथेच सांडतो.

आता सर्वांत मोठी अडचण. गावात कागद मागायला गेलेल्याला बहुधा चहा मिळतो, कागद मिळत नाही. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे आणि चुकीचेही. शेतकऱ्याच्या घरातला जुना कागद हा पुरावा असतो. १९४८ च्या कुळकायद्याने आणि कुळांना मालक मानणाऱ्या १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने ज्यांच्या जमिनी गेल्या आणि ज्यांना मिळाल्या, त्यांची नातवंडे आजही दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढत आहेत. वाटणीपत्र, गहाणखत, ‘विश्वासावर’ केलेले खरेदीखत, भावाने भावाला लिहून दिलेली चिठ्ठी, यांतले काहीही बाहेर गेले तर उद्या कोणाच्या वकिलाच्या हाती पडेल याचा नेम नाही, हे गावातल्या प्रत्येकाला कळते. ही भीती खरी आहे, आणि तिची दखल न घेणारा संग्रह एक तर रिकामा राहील किंवा निरुपद्रवी कागदांनी भरेल.

म्हणून नियम आधी. मूळ कागद मालकाकडेच राहावा, संग्रहाने प्रत घ्यावी आणि मूळ कागदाला वाळवी लागू नये म्हणून बासन, पेटी आणि सल्ला द्यावा. प्रत किती वर्षे बंद ठेवायची हे देणाऱ्याने ठरवावे. जमिनीच्या कागदांना तीस वर्षे मागितली तरी द्यावीत. बंद असलेला कागद कोणालाही, अगदी विश्वस्तालाही, वाचायला मिळू नये. कर्जखात्यांतली नावे अभ्यासकाला दाखवताना झाकावीत. दिलेली प्रत परत मागण्याचा हक्क देणाऱ्याच्या वारसांना असावा, मात्र एका मुदतीपर्यंत, नाही तर संग्रह कायम टांगणीला राहील. हे सारे मराठीत, एका पानावर, देणाऱ्याला वाचून दाखवता येईल अशा भाषेत लिहिलेले हवे. न्यायालयाने कागद मागवला तर काय करायचे, हेही त्यात प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण न्यायालयाच्या आदेशापुढे संग्रहाचे वचन टिकणार नाही. ज्याला ते चालत नसेल त्याने तो कागद देऊ नये हे बरे.

दुसरा धोका गौरवाचा. सहकारी संस्थांचे सुवर्णमहोत्सव, अमृतमहोत्सव होतात, स्मरणिका निघतात, संस्थापकांचे रंगीत छायाचित्र, मान्यवरांचे संदेश आणि प्रगतीचा चढता आलेख. त्या स्मरणिकाही संग्रहात ठेवाव्यात, पुढच्या काळाला त्यांतूनही काही कळेल. परंतु संग्रहच जर स्मरणिकेच्या वृत्तीने चालला, तर बुडालेली सूतगिरणी, थकलेली ऊसबिले, पाण्यासाठी झालेल्या मारामाऱ्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीला पाणी नाकारल्याचे अर्ज, यांना त्यात जागा मिळणार नाही. ज्यांच्या देणगीतून इमारत झाली त्यांचे नाव कोनशिलेवर असायला हरकत नाही; कोणता कागद घ्यायचा हे ठरवणाऱ्या समितीत ते नकोत. आजी-माजी लोकप्रतिनिधींना तर या समितीपासून नियमानेच दूर ठेवावे. हे लिहायला सोपे आहे, तालुक्याच्या गावी अमलात आणायला किती कठीण, याची मला कल्पना आहे.

हा संग्रह कोणी चालवायचा? विद्यापीठाने, असे एक उत्तर येते. जळगावचे विद्यापीठ प्रशिक्षण देऊ शकते, विद्यार्थी पाठवू शकते. पण विद्यापीठातला प्रकल्प अनुदानाबरोबर संपतो आणि साक्रीच्या शेतकऱ्याने स्वतःच्या आजोबांचे पान पाहायला जळगावला जावे, हे पटणारे नाही. देशभरातल्या ग्रामीण जीवनाची नोंद ठेवणारा ‘पारी’सारखा उपक्रम पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केला आणि तो मराठीतही वाचायला मिळतो. त्याचे काम मोलाचे आहे, मात्र गावच्या खतावणीचे पान अन् पान सांभाळणे हे त्याचे काम नव्हे. मला योग्य जागा दिसते ती तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाची. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अनुदानित वाचनालयांचे जाळे आहे, त्यांतल्या अनेकांना स्वतःची इमारत आहे, सभासद आहेत, निवडून आलेले कार्यकारी मंडळ आहे, आणि सकाळी वर्तमानपत्र वाचायला येणारी जाणती माणसे आहेत. अडचण अशी की वाचनालयाचा वर्ग आणि अनुदान ठरते ते ग्रंथसंख्या, नियतकालिके आणि सभासद यांवर; कागदपत्रांचा एक खोलीभर संग्रह सांभाळल्याबद्दल तपासणीत त्याला काहीच श्रेय मिळत नाही. निकषांत स्थानिक दप्तराची एक बाब वाढवली आणि त्यासाठी एक अर्धवेळ माणूस मान्य केला, तर शासनाला फार खर्च येणार नाही. मोडी वाचणारी माणसे तयार करायला पुराभिलेख संचालनालयाचे वर्ग आहेतच. वाचनालयाच्या त्या माणसाला तेथे पाठवता येईल, आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्यांतल्या जुन्या मोडी वह्या निदान कशाच्या आहेत एवढे तरी उमगेल.

मोबाइलने फोटो काढून ठेवले की काम झाले, असे समजणाऱ्यांचा उत्साह मी मोडू इच्छित नाही, परंतु नुसता फोटो हा संग्रह नव्हे. कागद कोणाच्या घरी, कोणत्या गठ्ठ्यात, कशाच्या वर आणि कशाच्या खाली होता, वहीतली किती पाने फाटलेली होती, देणाऱ्याने त्याविषयी काय सांगितले, हे लिहून ठेवले नाही तर वीस वर्षांनी त्या फोटोवरून काहीही सिद्ध करता येणार नाही. हजार फोटो बेवारस पडण्यापेक्षा पन्नास कागद नोंदीसकट असलेले चांगले.

सुरुवात कुठून करायची, तर जे सर्वांत आधी नष्ट होणार तेथून. अवसायनात निघालेल्या आणि नोंदणी रद्द झालेल्या सोसायट्यांची यादी जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात असते. या संस्थांची खतावणी, ठरावबुके आणि सभासद नोंदवह्या नष्ट करण्यापूर्वी तालुक्याच्या वाचनालयाला तीन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी, एवढा एक आदेश त्या कार्यालयाने काढावा. सभासदांची नावे त्यात असल्याने वर सांगितलेली बंधने या दप्तरालाही लागू राहतील. त्याच काळात पांझरेच्या फडांवर काम केलेल्या पाटकऱ्यांना आणि जागल्यांना गाठून, त्यांना पाटाच्या काठाकाठाने चालवत, बोलते करावे. बसवून विचारलेल्या प्रश्नाला ते ‘तसंच चालायचं’ एवढेच उत्तर देतील, पण पाटाच्या एखाद्या मोडक्या दाराशी पोचल्यावर ते दार कोणी, कोणत्या साली आणि कशासाठी फोडले, हे न विचारताच सांगतील.